पसारा चालतो, पण कोणाच्या जिवावर?

दसरा उलटला की मराठी घरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक माळ्यावरची आवराआवर, आणि दुसरा त्या आवराआवरीवरचा वाद. अलीकडे या वादाचे सरळसरळ दोन पंथ पडलेत. पहिला 'टाका' पंथ. वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर काढा, रिकाम्या घरात मनही मोकळं राहतं, पसारेवाल्या माणसाच्या डोक्यातही पसाराच असतो, असं हे लोक सांगतात. दुसरा 'राहू द्या' पंथ. घर म्हणजे शोरूम नव्हे, पसारा हे जिवंतपणाचं लक्षण, आणि ज्यांना खुर्चीवर पडलेला शर्ट बघवत नाही त्यांनी स्वतःच्या स्वभावाला औषध शोधावं, असं यांचं म्हणणं. दोघेही हिरिरीने भांडतात, पण दोघेही एक गोष्ट न तपासताच धरून चालले आहेत: पसारा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा मामला आहे. मला ते मुळातच मान्य नाही. पसारा हा आधी जागेचा, मग पैशाचा आणि सर्वांत जास्त कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे. 'मला पसारा चालतो' असं म्हणणाऱ्याच्या घरात तो रोज दुसरंच कोणी उचलत असेल, तर ते वाक्य आवडीनिवडीचं राहत नाही. ती एक सवलत असते, आणि तिचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून जात असतात.

'टाका'वाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. अडगळ निरुपद्रवी नसते. गच्चीवरचा जुना टायर, फुटकी बादली, बाल्कनीतल्या रिकाम्या कुंड्या यांत पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूच्या डासाला आणखी काही लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला रात्री बाथरूमला जाताना वाटेतला स्टूल किंवा गुंडाळून ठेवलेली सतरंजी महागात पडते; खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच बदलतं. विम्याची पॉलिसी, घराचा करारनामा, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेला सापडल्या नाहीत की 'पसाऱ्यातही मला सगळं सापडतं' या बढाईची किंमत कळते. शिवाय काहींच्या बाबतीत साठवणं हा खरोखरचा आजार असतो. वस्तू टाकण्याच्या कल्पनेनेच जीव कासावीस होतो, आणि घर हळूहळू राहण्याजोगं उरत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 साली या आजाराला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा दिली. तिथे टोमण्यांचा उपयोग नाही, डॉक्टरच हवा. हे सगळं कबूल.

पण यावरून 'टाकणारा तो शहाणा, ठेवणारा तो गबाळा' हा निष्कर्ष कसा निघतो? टाकण्याची ऐपत लागते, हे या पंथाच्या लक्षातच येत नाही. वस्तू निर्धास्तपणे टाकतो तो, ज्याला ती उद्या पुन्हा विकत घेता येते. हातातल्या मोबाइलवर दहा मिनिटांत नवी कात्री मागवता येत असेल तर जुनी जपायची कशाला? ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी माळ्यावरचं गाठोडं म्हणजे विमा असतो. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. 1920च्या दशकात बांधलेल्या त्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिल्या. स्वयंपाक, अभ्यास, बाळंतपण, पाहुणे, सगळं तेवढ्यात. तिथे पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे आणि बाकीचं व्हरांड्यात. बाहेरून बघणाऱ्याला हा पसारा वाटेल. आत राहणाऱ्याला ठाऊक असतं की एक डबा इकडचा तिकडे झाला तर रात्री एका माणसाची झोपायची जागा जाते. इतकी काटेकोर मांडणी मी कुठल्याही गुळगुळीत मासिकातल्या पांढऱ्याशुभ्र दिवाणखान्यात पाहिलेली नाही. पुनर्विकासात आता त्याच कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. तिथे एकाएकी सगळे टापटिपीचे झाले, तर तो चमत्कार स्वभावाचा मानायचा की 340 चौरस फुटांचा?

आणि जपून ठेवण्यामागे इतिहासही असतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माझी एक आत्या तेव्हा नारायण पेठेत राहायची. तिच्या लाकडी फडताळात शेवटपर्यंत सुतळीचे तुकडे लांबीनुसार गुंडाळून ठेवलेले असत, मिठाईच्या खोक्यांवरचे रबर एका बरणीत, आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या चापून-चोपून चौकोनी घडीत. नव्या सुना हसायच्या. पण एका दुपारी ज्यांचं चमच्यापासून पाटापर्यंत सगळं वाहून गेलं, ज्यांनी नंतर दुसऱ्यांनी दिलेल्या भांड्यांत भात शिजवला, त्यांना 'हिला हात लावल्यावर आनंद होतो का, नाहीतर टाका' हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा? पुढे 1972चा दुष्काळ आला. रेशनवरची मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेल्या पिढीच्या घरात रिकामा डबा सहसा कचऱ्यात जात नाही. त्या पिढीला 'जमवाजमवीची सवय' आहे म्हणणं म्हणजे खोकल्याला स्वभाव म्हणण्यासारखं आहे.

सत्ता ज्याच्या हाती असते त्याला दुसऱ्याच्या घरातला पसारा हा दुसऱ्याच्या चारित्र्याचा दोष दिसतो, याचं आपल्याकडचं जळजळीत उदाहरण म्हणजे प्लेग. 1896 साली मुंबईत साथ आली, पुढच्या वर्षी पुण्यात. रँडच्या प्लेग कमिटीने घरोघर सोल्जर घुसवले. स्वयंपाकघर, देवघर काही न पाहता सामान रस्त्यावर काढलं, जाळलं, भिंतींना चुना फासला. साहेबाच्या दृष्टीने रोग नेटिवांच्या कोंदट, भरगच्च घरांत आणि त्यांच्या घाणेरड्या सवयींत होता. पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. कमी लोकांना माहीत असतं ते हे की लगेच 1898 साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू. दाट, अंधाऱ्या, धान्य साठवलेल्या घरांत उंदीर जास्त, हे खरंच. म्हणजे सफाईचा आग्रह पूर्णपणे खोटा नव्हता. पण गोधड्या आणि देव्हारे जाळून उंदीर मरत नव्हते. त्याच वर्षी मुंबईत शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि 'गलिच्छ' वस्त्या पाडू लागला, आणि तिथून उठलेली माणसं शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागली. दाटी हे कारण होतं आणि पसारा हा परिणाम. सरकारने नेमकं उलटं धरलं. आजचा 'टाका' पंथ कोणाची वळकटी जाळत नाही, पण विचार करण्याची चाल तीच आहे.

आवराआवरीची जगभरची गुरुमाई म्हणून ज्यांच्याकडे पाहिलं जातं त्या जपानच्या मारी कोंडो यांनीच 2023च्या जानेवारीत सांगून टाकलं की तिसऱ्या मुलानंतर आपलं घर काही पूर्वीसारखं आवरलेलं नसतं, आणि आता मुलांसोबतचा वेळ महत्त्वाचा वाटतो. त्यावर पुष्कळांनी टिंगल केली. मला त्यात टिंगलीचं काही दिसत नाही. बाईंचा स्वभाव बदलला नव्हता, घरातली माणसं वाढली होती आणि दिवस चोवीस तासांचाच राहिला होता.

आता 'राहू द्या'वाल्यांकडे वळू, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. ऐकायला ते उदार वाटतात, म्हणून त्यांची तपासणी कोणी करत नाही. त्यांच्या हाती एक आवडता पुरावाही आहे. 2013 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना आवरलेल्या आणि काहींना पसरलेल्या खोलीत बसवून पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. पसाऱ्यातल्या मंडळींच्या कल्पना जास्त अफलातून ठरल्या. तेव्हापासून टेबलावर कागदांचा डोंगर असलेला प्रत्येक माणूस स्वतःला प्रतिभावंत समजतो. त्याच संशोधनात आवरलेल्या खोलीतल्या लोकांनी देणगी जास्त दिली आणि चॉकलेटऐवजी सफरचंद उचललं, हा भाग मात्र सोयीस्करपणे गाळला जातो. ते असो. मोठा मुद्दा असा की त्या खोलीत बसलेल्यांना ती खोली नंतर आवरायची नव्हती. ती पसरवली कोणी आणि आवरली कोणी, हा प्रश्न प्रयोगात नव्हताच. घरात तोच एक प्रश्न असतो.

माणसामाणसाची पसारा सोसण्याची ताकद वेगळी असते, हे मला मान्य आहे. एकाला ओट्यावरचा एक उष्टा कप अस्वस्थ करतो, दुसरा तीन दिवसांची वर्तमानपत्रं पसरलेल्या पलंगावर निवांत झोपतो. टापटिपीचे पुरुष असतात, बेशिस्त बायकाही असतात. पण दोन वेगळ्या ताकदीची माणसं एका छताखाली आली की काय होतं? ज्याला आधी असह्य होतं तो उठतो आणि आवरतो. दुसऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा कधी होतच नाही, कारण पसारा तिथवर पोहोचतच नाही. आणि मग हा दुसरा म्हणतो, 'मला काही त्रास होत नाही, तूच उगाच चिडतेस.' होईल कसा? ज्या गृहस्थाला सिंकमधली भांडी कधी खुपली नाहीत, त्याच्या सिंकमध्ये भांडी कधी सकाळपर्यंत राहिली होती?

'अहो, पण पुरुषांना पसारा दिसतच नाही, त्याला ते तरी काय करणार?' हा बचाव बायकाही करतात, तोही लाडाने. तीन समाजशास्त्रज्ञांनी 2019 साली हे तपासून पाहिलं. खोलीचा एकच फोटो वेगवेगळ्या लोकांना दाखवला. पसारा किती आहे, याचा अंदाज पुरुषांचा आणि स्त्रियांचा सारखाच निघाला. दिसतं दोघांनाही. फरक पडला तो खोली कोणाची आहे हे सांगितल्यावर. तीच आवरलेली खोली बाईची म्हणून सांगितली की कमी स्वच्छ वाटू लागली, आणि पाहुणे नाव ठेवतील ही भीतीही तिच्याच वाट्याला आली. त्याआधी, 2010 साली, लॉस एंजेलिसमधल्या तीसेक कमावत्या जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वतःच्या घराचं वर्णन 'पसरलेलं, अर्धवट पडलेलं' असं करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांच्या बाबतीत तसं फारसं दिसलं नाही. घर तेच, पसारा तोच. एकाला तो सामान दिसतो, दुसरीला न झालेलं काम.

आकडे परदेशातूनच आणायची गरज नाही, ते आपल्याकडेही आहेत. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर पाहणीत कोणत्याही एका दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष होते शेकडा 26, बायका शेकडा 81. आणि ज्यांनी हात लावला त्यांच्यात बायकांचा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं, पुरुषांचा 97. म्हणजे 'मदत करणारे' जे निवडक नवरे, त्यांच्याशी तुलना करूनही तिप्पट. या आकड्यांसमोर उभं राहून 'पसारा हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे' म्हणणं मला तरी जमत नाही.

ही असह्यता बाईच्या अंगात जन्मतः येत नाही, ती शिकवली जाते. गंमत पाहा, आवराआवरीचा सल्ला जपानकडून घेण्याची आपली पहिली वेळ नाही. महर्षी कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली ती टोकियोच्या महिला विद्यापीठावरची एक पुस्तिका वाचून, आणि 1916 साली त्यांनी ते उभं केलं. मातृभाषेतून मुलींना उच्च शिक्षण, हे त्या काळी फार मोठं धाडस होतं. पण त्या शिक्षणात गृहव्यवस्थेला मानाचं पान होतं. मुलांच्या कॉलेजांत तसं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. घर कसं राखावं हे एकीलाच शिकवायचं, आणि पुढे तिलाच घर खुपतं म्हणून तिला चिडकी ठरवायचं, हा न्याय शंभर वर्षं चालला आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवत अलक्ष्मीला घराबाहेर काढायची प्रथा आहे. ती काढते कोण? बाई. केरसुणीची पूजा मात्र घरातले सगळेच करतात.

बरं, पुरुषाच्या हाताला केरसुणीचं वावडं आहे, असंही नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावंच्या गावं झाडली, आणि त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. 2 ऑक्टोबर 2014ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर तर हातात झाडू घेऊन फोटो काढून घ्यायला मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत रांग लागली. चौकात झाडलं तर समाजसेवा, घरात झाडलं तर बायकोचा बैल. गाडगेबाबांकडून आपण झाडू घेतला आणि तो चौकातच ठेवून आलो. त्यामानाने आपले संत पुढारलेले म्हणायचे. जनाबाई झाडलोट करते तेव्हा विठ्ठल नुसता विटेवर उभा राहून 'छान झाडतेस हो' म्हणत नाही, केर भरतो.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप असा: समजा तिला घर लखलखीत हवं आहे आणि त्याला बऱ्यापैकी चालतं. मग तिच्या मापाने त्याने का राबावं? ज्याचा हट्ट त्याचे कष्ट. या आक्षेपात दम आहे, आणि मी त्यातला अर्धा भाग उचलते. काही मापं खरोखरच उगाच वाढवलेली असतात. दिवाळीआधी न वापरलेली पितळेची घंगाळं चिंचेने घासायची, बेडशीटची घडी चादरीच्या घडीला लागूनच हवी, मसाल्याच्या डब्यांची तोंडं एकाच दिशेला, हे सासूकडून सुनेकडे आलेलं ओझं आहे आणि ते खुशाल खाली ठेवावं. त्यासाठी नवऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण घरातली बहुतेक भांडणं घंगाळावरून होत नाहीत. ओला टॉवेल गादीवर, नेलकटर कुठेच नाही, जेवणाच्या टेबलावर तीन चार्जर, मुलाचा डबा दप्तरातच आंबलेला, यावरून होतात. हा लखलखाटाचा हट्ट नव्हे, हे घर चालण्याचं किमान माप आहे. आणि उरलेला अर्धा भाग मी नाकारते तो यासाठी की माप ठरवायचं स्वातंत्र्य तिला कधी नव्हतंच. पाहुणा दारात आला की पसाऱ्याचा हिशेब तिच्या नावावर लागतो. नवऱ्याच्या आईला घर अस्ताव्यस्त दिसलं तर ती मुलाला विचारत नाही. ज्याला निकालाची शिक्षा होणार नाही त्याने परीक्षा सोपी ठेवा म्हणणं सोपं आहे.

यावर मध्यमवर्गाने काढलेली पळवाट म्हणजे कामवाली. ती वाट मला फारशी दूरवर जाताना दिसत नाही. एक तर सकाळी मावशी येण्याआधी घरात काय होतं ते बघा: 'अगं, उचला ते, मावशी येतील!' जमिनीवरची खेळणी, सोफ्यावरचे कपडे, पलंगावरचे लॅपटॉप घाईघाईने उचलले जातात, कारण त्यांच्याखाली केर काढता येत नाही. केरफरशीचे पैसे देता येतात. कुठली वस्तू कुठे जाते, कुठली ठेवायची, कुठली द्यायची, हे ठरवण्याचे पैसे देता येत नाहीत. ते काम घरातल्या बाईकडेच उरतं. दुसरं असं की आपला पसारा उचलायला येणारी ती बाई आपल्या बेडरूमएवढ्या खोलीत चार माणसांचा संसार मांडून आलेली असते. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला; त्या कायद्याची आठवण आपल्याला दिवाळीच्या बोनसच्या घासाघिशीत होते का, हे ज्याचं त्याने पाहावं.

मग करायचं काय? घराघरांतली भांडणं कायद्याने मिटत नाहीत, पण माप ठरवणारा आणि राबणारा ही दोन माणसं वेगळी नसावीत, एवढं तत्त्व घरात मान्य करून घेता येतं. माळा रिकामा व्हायला हवा असं ज्याला वाटतं तो शिडी लावेल. जुनी पुस्तकं टाकायची नाहीत म्हणतो तो त्यांची धूळ झटकेल, आणि वाळवी लागली तर उत्तरही तोच देईल. 'तू सांग ना, मी करतो' हे वाक्य मात्र वाटणीत धरायचं नाही, कारण सांगणं हेच अर्धं काम आहे. काय संपलं, काय सडलं, कुठला कप्पा ओसंडतोय हे डोक्यात वागवत फिरायचं आणि मग सौम्य शब्दांत, चिडल्यासारखं न वाटेल अशा बेताने आठवण करायची, यापेक्षा स्वतः उचललेलं बरं असं कितीजणींना वाटतं, हे कुठल्याही घरात विचारून बघा. कामं पूर्ण द्यायला हवीत: कपडे म्हणजे भिजवण्यापासून कपाटात जाईपर्यंत, तेही घडी वाकडी आली तरी पुन्हा न घालता. ही शेवटची अट तिच्यासाठी आहे, आणि ती पाळणं सोपं नाही.

आणि दारावरची बेल वाजल्यावरचं ते ठरलेलं वाक्य: 'जरा पसारा आहे हं, बघू नका.' मी ते शेकडो घरांत ऐकलं आहे, आणि ते म्हणणारी व्यक्ती प्रत्येक वेळी पदराला नाहीतर ओढणीला हात पुसत बाहेर आलेली असते. सोफ्यावरचा ढीग ज्याचा, तो बाजूला सरकून पाहुण्याला जागा करून देतो आणि विचारतो, 'चहा घेणार ना?'